रडके चित्ते

काझीपुऱ्यातली गुलजारबी दमलेली होती. आजच दमली होती असं नव्हे, गेली सहा वर्षं ती दमलेलीच होती. सकाळी उठली की दमलेली, रात्री आडवी झाली की दमलेली. कुणी विचारलं, "काय गुलजारबी, बरं आहे ना?" तर म्हणायची, "बरं आहे की. उभी आहे अजून." त्यापुढे बोलायचा तिला कंटाळा. आणि अशा बाईच्या वाट्याला काय यावं, तर आठवड्यातून दोनदा मुलींच्या शाळेत जाऊन बावीस पोरींपुढे बोलत बसायचं! ही गोष्ट पस्तीस सालची. पण ती समजायला आधी तिचा नवरा समजायला हवा.

तिचा नवरा कादर हा चित्तेवान. म्हणजे एकेकाळचा. दक्षिणेकडच्या एका संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. त्यांना सांभाळणारी, शिकवणारी जी माणसं, त्यांना चित्तेवान म्हणायचे. कादरचा बाप तेच करायचा, आजाही तेच. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवायची, त्याला बैलगाडीवर बसवायचं, माळावर काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची, आणि मग नुसतं बघायचं. कादरची तीस वर्षं त्या बघण्यात गेली. दुसरं काही बघण्यासारखं असतं यावर त्याचा पुढे कधी विश्वासच बसला नाही.

गुलजारबी लग्न होऊन तिथे गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती. नव्या सुनेला पहिलं काम काय दिलं असेल? भाकरी थापायचं? छे! रानातून नवा धरून आणलेला चित्ता अंगणात खाटेला बांधून ठेवायचे आणि चित्तेवानांच्या बायकांनी त्याच्याजवळ बसून दिवसभर बोलायचं. काय वाटेल ते बोलायचं. माणसाच्या आवाजाला तो सरावला पाहिजे ना! गुलजारबी पहिले दोन दिवस नुसती थरथरत बसली. तिसऱ्या दिवशी तिने चित्त्याला सासूच्या कागाळ्या सांगायला सुरुवात केली. पुढे तिची लेक रेहाना चार वर्षांची होऊन आजारात वारली, तेव्हा ते दुःखही तिने माणसांना नाही सांगितलं, अंगणातल्या चित्त्याला सांगितलं. "माझं बोलणं मी तेव्हाच बोलून संपवलं," असं ती म्हणायची. त्यात फारसं खोटं नव्हतं.

मग गादीवर नवे सरकार आले. त्यांना मोटारींचा शौक. रानातले चित्ते तर तोवर संपतच आले होते. शेवटी शेवटी आफ्रिकेहून आगबोटीने आणायची वेळ आली होती. चित्तेखाना बंद झाला आणि कादर बायकोला घेऊन नाशिकला आला, कारण इथे त्याचा चुलतभाऊ निसार होता. निसारचा कागदाच्या लगद्याच्या खेळण्यांचा धंदा. रद्दी भिजवायची, कुटायची, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचं पीठ घालायचं, आणि त्याचे राघू, हत्ती, वाघ बनवायचे. पंचवटीत यात्रेकरू येत, पोरांसाठी घेऊन जात. कादर महिनाभरात काम शिकला. पण राघू नाही, हत्ती नाही. हा गडी बनवणार फक्त चित्ता! निसारने डोक्याला हात लावला.

तोवर कादरचे चित्ते खपले काय न खपले काय, निसारच्या राघू-हत्तींवर दोन्ही घरं चालत. पुढे निसार मालेगावला निघून गेला, आणि सहा वर्षांपूर्वी कादरचे डोळे काचबिंदूने गेले. तेव्हापासून तो घरात बसून चाचपत चित्ते घडवायचा. त्याची बोटं चुकत नसत. लहानसं डोकं, खोल छाती, लांबसडक पाय, सगळं बरोबर. रंगवायचं काम गुलजारबीचं. भद्रकालीच्या बाजारात टोपली घेऊन बसायचं तेही तिचंच.

आता खरी मेख इथे आहे. चित्त्याच्या चेहऱ्यावर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत, दोन्हीकडे एकेक काळी रेघ असते. चित्तेवान तिला काजळ म्हणत. गुलजारबीने पहिल्या दिवशी काजळी आणि डिंक घोटून ती रेघ नीट ओढली आणि टोपली बाजारात नेली. बायका आल्या, चित्ता हातात घेतला, आणि चटका बसल्यागत खाली ठेवला. "अगंबाई, हा तर रडतोय! असलं रडकं जनावर लेकराच्या हातात कोण देईल?" दिवसभर हेच. टोपली जशी गेली तशी परत आली. दुसऱ्या दिवशी गुलजारबीने रेघ ओढलीच नाही. "हे काय, वाघाचं पिल्लू का?" असं एका बाईने विचारलं. गुलजारबी म्हणाली, "हो, वाघाचंच." दुपारच्या आत टोपली रिकामी.

घरी आली तर कादर वाटच बघत होता. "काजळ ओढलंस ना?" त्याने विचारलं.

"ओढलं," ती म्हणाली.

झालं. एकदा म्हटलं ते रोज म्हणावं लागलं. रोज संध्याकाळी तो विचारायचा, रोज ती 'ओढलं' म्हणायची. आणि तो सहज विचारत नव्हता हो! "ठिपके काय, बिबट्यालाही असतात," तो म्हणायचा. "काजळ फक्त त्याचं. गुलजार, माळावर आता तो राहिला नाही. पोरांनी बघायचा कुठे? माझ्या हातचाच बघायचा. तो तरी खरा पाहिजे." हे ऐकत गुलजारबी रिकामी टोपली उगाच पुसत राहायची. एका आंधळ्या माणसाला, आपल्याच नवऱ्याला, ती सहा वर्षं फसवत होती, आणि ज्या एकाच गोष्टीत फसवू नये नेमकी त्याच गोष्टीत. मी तर म्हणेन, तिचं ते दमणं गुडघ्यांचं नव्हतंच, ह्याचंच होतं.

तर अशात एक दिवस सावित्रीबाई टोपलीपाशी आल्या. ह्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, वय असेल पंचवीस-सव्वीस, नाकीडोळी नीटस, पण सदा कसल्यातरी घाईत. एक चित्ता उचलून त्या म्हणाल्या, "बिबट्या छान केलाय."

एरवी गुलजारबी 'हो' म्हणून मोकळी झाली असती. पण त्या दिवशी ऊन फार होतं, पाय भरून आले होते, आणि कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "बिबट्या कसला बाई! चित्ता आहे तो. बिबट्याच्या अंगावर फुलं असतात, ह्याच्या अंगावर टिकल्या. आणि ह्याच्या डोळ्याखाली काजळ असतं, ते मी ओढलेलं नाही. तुम्ही लोक घेत नाही म्हणून."

सावित्रीबाई तिथेच उकिडव्या बसल्या. "आणखी सांगा," म्हणाल्या.

अर्ध्या तासात त्यांचं ठरलंसुद्धा. चैत्रात शाळेत मुलींच्या हातकामाचं प्रदर्शन होतं. चौथीच्या मुलींनी लगद्याचे चित्ते बनवायचे, गुलजारबीने शिकवायचं, आणि शिकवता शिकवता चित्त्याची माहिती सांगायची. "अगदी खरा चित्ता हवा बरं का," सावित्रीबाई म्हणाल्या. "काजळासकट." गुलजारबी नाही म्हणणार होती. तिच्यात त्राण नव्हतं. पण ते 'काजळासकट' ऐकलं आणि तिची मान आपोआप हलली.

शाळेत पहिल्या दिवशी पोरी नाकाला पदर लावून बसल्या, कारण भिजलेल्या रद्दीचा आणि मेथीचा वास. तासाभरात त्याच पोरी कोपरापर्यंत लगद्यात! आणि प्रश्न तर विचारू नका. वत्सला नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, ती सगळ्यांच्या पुढे.

"गुलजारबी, तो डरकाळी कशी फोडतो?"

"फोडतच नाही. पाखरासारखा चिवचिवतो." आणि गुलजारबीने तसा आवाज काढून दाखवला. बावीस पोरी इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. "हसा, हसा. पण खूश असला की मांजरासारखा घुरघुरतो. खाट हलायची आमची."

"नखं?"

"मांजर नखं आत ओढतं की नाही? ह्याची बाहेरच असतात, कुत्र्यासारखी. पळताना जमीन धरायला. आणि शेपूट बारीक करू नकोस गं, जाड कर. काळवीट वळलं की हाही वळतो, तेव्हा शेपटीनेच तोल सांभाळतो."

"किती जोरात पळतो?"

"एकपासून वीसपर्यंत म्हणा. तेवढ्यात सगळं संपतं. धरलं तर धरलं, नाहीतर मटकन खाली बसतो. आणि धरलं तरी लगेच खाता येत नाही हो त्याला. इतका दमलेला असतो की नुसता धापा टाकत पडतो. तेवढ्यात कुणीही यावं आणि त्याच्या पुढ्यातली शिकार ओढून न्यावी. तो भांडतसुद्धा नाही."

वत्सलेने हळूच विचारलं, "म्हणून रडतो का तो?"

"रडत नाही गं बाळा. रात्री शिकार करणारी जनावरं वेगळी. हा दिवसा, भर उन्हात धावतो. उन्हाने डोळे दिपू नयेत म्हणून अल्लाने त्याला काजळ घातलंय, असं आमची माणसं म्हणत."

संध्याकाळी कादरने विचारलं, "काजळ?"

"अजून ओले आहेत चित्ते. पण ओढणार. बाईंनीच सांगितलंय," ती म्हणाली. मग पोरींनी काय काय विचारलं ते सगळं तिने त्याला सांगितलं. कादर किती दिवसांनी हसला! चिवचिवाट तिला नीट जमत नाही म्हणून स्वतः काढून दाखवला. तिसऱ्या आठवड्यात चित्ते वाळले. पेवडीचा पिवळा रंग झाला, टिकल्या झाल्या, आणि गुलजारबीने प्रत्येक पोरीचा हात धरून ती रेघ ओढून घेतली. घरी येऊन उंबऱ्यातूनच म्हणाली, "ओढलं. बाविसांनाही ओढलं." सहा वर्षांत पहिल्यांदा ती खरं बोलली होती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आणि तीनच दिवसांनी कमळाबाई शाळेत आल्या. कमळाबाई म्हणजे वत्सलेची आई. भांडकुदळ बाई असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण त्या दारातच उभ्या राहिल्या, डोळे जागरणाने लाल झालेले.

"बाई, वत्सलेने तो चित्ता घरी दाखवायला आणला होता. त्याच दिवशी माझ्या धाकट्याला ताप भरला. गोवर आहे. आज चौथा दिवस, डोळे उघडत नाही. मला कळतं हो, तो कागदच आहे. पण रडकं तोंड घरात आलं आणि लेकरू पडलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी हेच आहे. ते अश्रू पुसा. नाहीतर आमच्याकडची एकही मुलगी उद्यापासून शाळेत येणार नाही."

सावित्रीबाईंनी समजावून पाहिलं. ते अश्रू नाहीत, गोवर सगळ्या गावात आहे, सगळं सांगितलं. कमळाबाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं, "पुसा हो." आवाज चढवला नाही, आणि गुलजारबीला तेच सहन होईना. रेहाना आजारी होती तेव्हा तिने स्वतः काय काय केलं होतं! ताईत बांधले, मिरच्या ओवाळल्या, शेजारणीचा काळा कोंबडा दारात आला म्हणून तिच्याशी कडाकडा भांडली. त्या वेळी कुणी तिला जनावरांची माहिती सांगितली असती तर तिने त्याचं तोंड ओरबाडलं असतं.

"पुसते," ती म्हणाली. "घरी जा तुम्ही. पोराच्या उशाशी बसा."

कमळाबाई गेल्यावर सावित्रीबाईंचे डोळे भरून आले. "बावीसपैकी चौदा मुली त्या गल्लीतल्या आहेत," त्या म्हणाल्या. "एकदा घरी बसल्या की पुन्हा येत नाहीत हो. लग्नंच होतात. गुलजारबी, माफ करा मला."

"माफी कसली, बाई. मला ह्याची सवय आहे. फडकं ओलं करून द्या."

दोघी वर्गात खाली बसल्या. डिंकातली काजळी, ओलं फडकं लागलं की सुटते. पण सुटताना गालभर पसरते. आधी पुसा, मग पिवळा हात द्या, वाळला की काळपट छटा परत वर येते, पुन्हा द्या. तीन तास लागले. गुलजारबी एकेक चित्ता उचलत होती, पुसत होती, ठेवत होती. संताप आला होता तिला, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. कमळाबाईंवर निघेना. सावित्रीबाईंवर निघेना. शेवटी तो कादरवरच गेला. कशाला ह्या माणसाला एवढा खरेपणा हवा? डोळे गेले, चित्ते गेले, संस्थान गेलं, आणि ह्याला ती दोन बोटांची रेघ हवी! बाविसावा चित्ता पुसून झाला तेव्हा मात्र तिला त्याचाही राग उरला नाही, काहीच उरलं नाही.

प्रदर्शन शनिवारी सकाळी होतं. त्याच दिवशी पहाटे कमळाबाईंच्या धाकट्याने डोळे उघडले आणि पेज मागितली. गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "बघा, पुसले आणि उतार पडला की नाही!" आता ह्यापुढे कोण काय बोलणार? पोरगं वाचलं, ह्याचा गुलजारबीला मनापासून आनंदच झाला. मोठमोठी माणसं आली, टेबलापाशी थांबली. "वा! बिबटे फार हुबेहूब झालेत," असं एक फेटेवाले गृहस्थ म्हणाले. वत्सला तोंड उघडणार तोच तिने सावित्रीबाईंकडे बघितलं आणि ती गप्प बसली. गुलजारबी भिंतीला टेकून उभी होती. "हो साहेब," ती म्हणाली. "बिबटेच."

दुपारी ती घरी आली. कादर दाराशी बसून लगदा मळत होता. पावलं ओळखून त्याने मान वर केली.

"झालं का प्रदर्शन?"

"झालं."

"लोक काय म्हणाले?"

"छान म्हणाले."

"काजळ ठसठशीत होतं ना? उजेडात दिसलं ना सगळ्यांना?"

ती उंबऱ्यात बसली. 'दिसलं' म्हटलं की संपत होतं. एक शब्द. पण खोटं बोलायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते तिने बाविसावा चित्ता पुसताना खर्चून टाकलं होतं. तिने सगळं सांगून टाकलं. कमळाबाई, गोवर, ओलं फडकं. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मागचंही सांगितलं. "बाजारातल्यांनाही नव्हतं हो. पहिला दिवस सोडला तर सहा वर्षांत एकालाही ओढलं नाही. रोज खोटं बोलले मी तुमच्याशी."

कादरचे हात लगद्यात चालतच होते.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवशी टोपली भरलेली परत आली. दुसऱ्या दिवशी रिकामी. मी आंधळा झालोय गुलजार, खुळा नाही झालो."

गुलजारबी त्याच्याकडे बघतच राहिली. "मग रोज कशाला विचारत होतात? माझा जीव घ्यायला?"

"छे गं." त्याने मान खाली घातली. "तू 'ओढलं' म्हणायचीस ना, तेवढ्यापुरता तो मला दिसायचा. गाडीवर बसलेला, टोपी काढलेली, तोंड वळवून माझ्याकडे बघणारा. काजळासकट. दुसरं कुठे दिसतं मला काही?" त्याने लगद्याचा गोळा हातात फिरवला. मग म्हणाला, "आजही तेवढंच म्हणायचं होतंस."

रस्त्यावरून एक टांगा खडखडत गेला. गुलजारबीने गुडघ्यावर हात टेकले, घसा साफ केला.

"ओढलं," ती म्हणाली. "सगळ्यांना ओढलं. ठसठशीत."

कादरने मान तिरपी केली आणि तो तसाच बसला, बराच वेळ.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही येत तो."

आणि त्याने हात धुवायला पाणी मागितलं.